सोंगाला वय असतं का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सांस्कृतिक कार्यक्रमाच्या दिवशी केलेलं भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून देत आहे.)





"काहीतरी हलकंफुलकं बोला," असं मला कार्यकारिणीने सांगितलं आणि सोबत एक अटही घातली, "सेफ्टीवर नको." बरोबरच आहे. सिपकॉटमधल्या कारखान्यात माझं कामच ते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींनी माझं हेल्मेट, गॉगल आणि सेफ्टी शूजचं पुराण सकाळच्या पाळीला उभ्याने ऐकलेलं आहे. तेव्हा आज हेल्मेट नाही. आज मुखवटा. तोही डोक्यावरच चढतो!

विषयाला कारण आहे. आपल्या वेशभूषा स्पर्धेच्या फलकावर दरवर्षी एक ओळ असते : "वयोमर्यादा – १२ वर्षांपर्यंत." यंदा दोन सभासदांनी लेखी सूचना दिली की मोठ्यांचाही एक गट ठेवावा. त्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, "टक्कल पडलेल्या माणसांनी मावळा होऊन फिरायचं? शोभतं का?" दुसरा म्हणतो, "वर्गणी सगळ्यांची, उत्सव सगळ्यांचा, मग वेश फक्त पोरांचाच का?" निर्णय पुढच्या सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे. त्याआधी हा प्रश्न नीट तपासून बघावा, एवढाच या भाषणाचा हेतू.

गंमत अशी की हा प्रश्न फक्त आपल्याला पडलेला नाही. जगातल्या सर्वात प्रसिद्ध करमणूक उद्यानालाही तो पडला होता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झालं. मिकी माऊस, सिंड्रेला, स्नो व्हाइट अशी चित्रपटातली पात्रं तिथे हिंडताफिरताना भेटतात. मुलं त्यांच्या सह्या घेतात, त्यांना मिठी मारतात. साहजिकच येणाऱ्यांनाही वाटतं की आपणही राजकन्या व्हावं, चाचा व्हावा. पण नियम असा आहे की १४ वर्षांच्या आतल्या मुलांनी खुशाल वेश करून यावं. १४ वर्षं पूर्ण झालेल्या पाहुण्याला एरवीच्या दिवशी वेशही नाही आणि मुखवटाही नाही. लहान मुलांच्या मुखवट्यालाही अट आहे. चेहरा पूर्ण झाकलेला नको आणि डोळे दिसले पाहिजेत. आजीला नातीबरोबर परी होऊन जायचं असेल, तर नात आत जाईल, आजीला दारात थांबवतील.

ऐकताना हा नियम रुक्ष वाटतो. आनंद विकणाऱ्यांनीच आनंदावर वयाची कात्री चालवावी? पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. नियम वाचला की लगेच मान डोलवायची नाही आणि लगेच नाकही मुरडायचं नाही. आधी विचारायचं, हा नियम कशासाठी आहे? कशाला घाबरून लिहिलाय?

डिस्नेच्या नियमामागे दोन भीती आहेत.

पहिली भीती घोटाळ्याची. तिथे कर्मचाऱ्यांच्या गणवेशालाही 'कॉस्च्यूम'च म्हणतात. चार वर्षांच्या मुलीला सिंड्रेला दिसली की ती धावत जाऊन तिचा हात धरते. आई-बापही निर्धास्त असतात, कारण तो वेश घातलेली व्यक्ती उद्यानाच्या नोकरीत आहे, तिची जबाबदारी कोणीतरी घेतलेली आहे. आता हुबेहूब तसाच झगा घातलेली एखादी पाहुणी बाई तिथे उभी राहिली, तर मुलीला फरक कसा कळणार? ज्या खास दिवशी मोठ्यांना वेशाची परवानगी असते, त्या दिवशीही एक अट असते : वेश केलेल्या पाहुण्याने इतर पाहुण्यांबरोबर फोटोसाठी उभं राहायचं नाही आणि कोणाला सही द्यायची नाही. नियमाचं खरं पोट या अटीत दिसतं. तुम्ही सिंड्रेला दिसलात तर त्यांची हरकत नाही. मुलांनी तुम्हाला खरी सिंड्रेला समजून जवळ यावं, याला हरकत आहे.

दुसरी भीती घातपाताची. २०१५ च्या डिसेंबरमध्ये, कॅलिफोर्नियातल्याच सॅन बर्नार्डिनो इथल्या गोळीबारानंतर काही दिवसांनी, अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांनी बंदोबस्त वाढवला. दारात मेटल डिटेक्टर आले, खेळण्यातल्या बंदुकांची विक्री बंद झाली आणि मोठ्यांच्या वेशावरची बंदी अधिक स्पष्ट झाली. अंगभर झग्याखाली काय आहे आणि मुखवट्यामागे कोण आहे हे गर्दीत ओळखता येत नाही, हे त्याचं कारण.

पण पुढचं ऐका. बंदी सरसकट नाही. हॅलोविनच्या सुमारास संध्याकाळी वेगळं तिकीट असलेला कार्यक्रम होतो, त्याला आजोबाही चाचे होऊन येऊ शकतात. फक्त १४ वर्षांवरच्यांनी मुखवटा घालायचा नाही, कोणाचाच वेश जमिनीवर लोळता कामा नये, टोकदार वस्तू नको. टोकियोत १९८३ साली डिस्नेलँड सुरू झालं. तिथेही प्राथमिक शाळेतल्या वयापर्यंतच्या मुलांना मोकळीक आहे आणि मोठ्यांना शरद ऋतूतले ठरावीक दिवस दिले जातात.

ज्यांना तेवढं पुरत नाही त्यांनीही वाट काढली. लेस्ली के नावाच्या तरुणीने २०११ मध्ये एक टूम काढली, 'डिस्नेबाउंड'. वेश करायचाच नाही. रोजचेच कपडे, पण पात्राच्या रंगांचे. लाल पँट, काळा शर्ट, पिवळे बूट – झाला मिकी! नियम मोडला नाही आणि हौसही भागली. आपल्या वहिनी नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसून कामाला जातात, त्याचीच ही सातासमुद्रापलीकडची बहीण म्हणा ना.

म्हणजे ज्यांनी वयाचा सर्वात कडक नियम केला, त्यांनीही शेवटी ठरावीक दिवस आणि उघडा चेहरा या अटींवर मोठ्यांना आत घेतलंच.

आता आपल्या घरात डोकावू या. लहान मुलांनी वेश करायचा आणि मोठ्यांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत आपली कधीपासून झाली? शाळांच्या स्नेहसंमेलनांतून ती आली असावी. आपल्या परंपरेत चित्र नेमकं उलटं होतं. वेश मोठा माणूस करायचा आणि पोरं डोळे विस्फारून बघायची. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारात येणारा वासुदेव बाप्या माणूस. गोंधळी, पोतराज, बहुरूपी, सगळे संसारी लोक. संत एकनाथांनी भारुडं रचली ती याच सोंगांना हाताशी धरून. पालघर-नाशिककडच्या आदिवासी पट्ट्यात, मोखाडा-जव्हारच्या बाजूला बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर देवादिकांचे मोठमोठे मुखवटे नाचवतात. तिथे मुखवट्यालाच 'सोंग' म्हणतात आणि अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचं, अशी वहिवाट आहे. ते सोंग घेणं हा खेळ नसतो, मान असतो.

कोकणातले दशावतारी तर स्वतःची रंगरंगोटी स्वतः करून रात्र जागवतात. २०२५ मध्ये 'दशावतार' हा मराठी चित्रपट आला. त्यात दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीच्या घरात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी रंगवला. डोळे साथ देत नाहीत, मुलाला वाटतं बापाने आता थांबावं, पण बापाचा जीव सोंगात अडकलेला. आपल्याकडच्या वादाची ही मूळ प्रत समजा. आणि बालगंधर्व? १८८८ चा जन्म. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीवेशात रंगभूमीवर उभे राहत होते. ते वय विचारून लोकांनी तिकिटं परत केली नाहीत.

खुद्द गणेशोत्सवाचंच घ्या. सार्वजनिक उत्सवाच्या सुरुवातीच्या वर्षांत, १८९४ च्या सुमारास पुण्यात मेळे निघू लागले. तरुण मुलं मावळ्यांसारखा पोशाख करून पदं म्हणत फिरायची. तो पोशाख इंग्रज सरकारला झोंबायचा. पुढे सरकारने या मेळ्यांवर बंधनं घातली. वेशाला सरकार घाबरतं म्हणजे वेशात काहीतरी ताकद आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आपण ज्या मातीत राहतो तिथलंही सांगतो. तूत्तुक्कुडी जिल्ह्यात समुद्रकाठी कुलशेखरपट्टिनम नावाचं गाव आहे. तिथल्या मुत्तारम्मन देवीच्या दसऱ्याला हजारो भाविक नवस म्हणून वेश करतात. कोणी काली, कोणी राजा, कोणी वानर, कोणी पोलीस, तर कोणी चक्क भिकारी. त्यात नोकरदार असतात, व्यापारी असतात, म्हातारी माणसं असतात. आधी उपवासाचं व्रत पाळायचं, उत्सवाचा झेंडा चढला की हाताला काप्पु म्हणजे रक्षेचा धागा बांधायचा, वेश करून दारोदार भिक्षा मागायची आणि जमलेली रक्कम देवीच्या हुंडीत टाकायची. श्रीमंत माणसाने भिकाऱ्याचं सोंग घेऊन हात पसरायचा! आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. कुलशेखरपट्टिनमचे भक्त पैसा असून नसल्याचं सोंग आणतात, आणि त्यातून अहंकार उतरतो अशी त्यांची श्रद्धा आहे.

आता या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. बोहाडा, दशावतार, मुत्तारम्मनचा दसरा किंवा टोकियोचे ते ठरावीक दिवस. चार गोष्टी प्रत्येक ठिकाणी सापडतात असं नाही, पण दोन हटकून सापडतात : दिवस ठरलेला असतो आणि सोंगामागचा माणूस कोणाच्या तरी ओळखीचा, कोणाला तरी जबाबदार असतो. वय कुठेच मुद्द्याचं नाही.

ही ओळख सुटली की काय होतं, हेही सांगायला हवं. उत्सवाच्या मांडवात कडू विषय काढतोय, माफ करा. २०१८ साली मोबाइलवरून मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा पसरल्या. त्या वर्षी मे महिन्यात, इथून जवळच असलेल्या पुलिकतमध्ये म्हणजे पळवेर्काडला जमावाने एका अनोळखी माणसाला ठार मारलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने मारली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ज्या महाराष्ट्राने बहुरूप्याला आणि गोसाव्याला शतकानुशतकं ओटीवर बसवून पसाभर धान्य दिलं, तिथे परक्या वेशातला माणूस दिसताच दगड उचलले गेले. बहुरूपी पूर्वी हवालदार होऊन यायचा, "तुमच्या नावाचं वॉरंट आहे" म्हणायचा आणि घरचे हसत सुपातलं धान्य त्याच्या झोळीत ओतायचे. कायदाही या बाबतीत शहाणा आहे. पूर्वीच्या दंड संहितेचं कलम १७१ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २०५, दोन्ही सरकारी नोकराचा पोशाख घालणाऱ्याचा हेतू बघतात. फसवायचा इरादा असेल तर गुन्हा. हसवण्यासाठी घातलेला वेश वेगळा. पण जमाव हेतू बघत नाही. म्हणून ओळख हवी.

तेव्हा माझं म्हणणं एका वाक्यात असं : वेशाला वयाचा नियम नको, ओळखीचा नियम हवा.

वयाचा नियम सोपा असतो, म्हणून तो लावला जातो. जन्मतारीख बघितली की काम झालं. पण सोपा नियम नेहमी योग्य ठिकाणी बसतोच असं नाही. आपल्यातल्या एका सहकाऱ्याचे वडील सातारकडून इथे राहायला आलेले आहेत. तरुणपणी गावच्या भारुडात वासुदेव करायचे. गेल्या वर्षी त्यांनी स्पर्धेत नाव द्यायची इच्छा दाखवली, तेव्हा नोंदणीच्या टेबलावरच्या पोराने फलकाकडे बोट दाखवलं. आजोबा काही बोलले नाहीत. नातवाला घेऊन बाजूला बसले, त्याच्या टोपीची मोरपिसं सारखी केली आणि चिपळ्या बोटांत कशा धरायच्या ते दाखवत राहिले. नातवाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी चिपळ्यांचं खास कौतुक केलं. ज्याला ती विद्या येत होती तो मात्र खुर्चीत होता.

इथे आपल्याकडे आलेल्या आई-वडिलांचे दिवस कसे जातात, हे तुम्ही जाणता. मुलगा-सून पाळीला, नातवंडं शाळेत. शेजारी प्रेमळ, पण त्यांची तमिळ यांना येत नाही आणि यांची मराठी त्यांना कळत नाही. पिल्लैयार चतुर्थीला शेजारची बाई कोळुकट्टै घेऊन येते, आपली आजी उकडीचे मोदक देते, दोघी एकमेकींकडे बघून हसतात, इथवर भाषा पोचते. वर्षातून एक दिवस त्यांना जे येतं ते लोकांसमोर करून दाखवायची संधी मिळाली, तर आपलं काय बिघडणार आहे? आणि मुलांचं काय साधेल पाहा. आपली पोरं इंग्रजी-तमिळ शाळांत वाढताहेत. वासुदेव म्हणजे काय, हे त्यांना भाड्याने आणलेल्या ड्रेसवरून कळणार नाही. आजोबांच्या आवाजावरून कळेल.

आता शेवटी थोडी सेफ्टी. (अध्यक्ष महोदय, दोनच मिनिटं!) मोठ्यांचा गट ठेवायचा ठरला, तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात असं सुचवतो.

पहिली गोष्ट, चेहरा. रंग हवा तेवढा लावा, पण पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा फक्त रंगमंचावर. खाली उतरताना तो हातात. मुखवट्यातून पायाखालची पायरी दिसत नाही आणि समोरच्या मुलाला माणूस दिसत नाही. दोन्ही वाईट.

दुसरी गोष्ट, ओळख. प्रत्येक वेशधारी माणसाच्या गळ्यात नाव आणि मंडळाचा शिक्का असलेला बिल्ला असावा. बाहेरून कोणी कलाकार बोलावला तर त्याच्यासोबत एक कार्यकर्ता राहील. वेशातल्या कोणीही, अगदी आपल्यातल्याही, दुसऱ्याच्या मुलाला आई-बापांच्या नजरेआड नेऊ नये. हे मुलांनाही आधीच सांगावं.

तिसरी गोष्ट, कापड. वॉटर पार्कमध्ये तुम्हाला सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनच घालायला लावतात. कारण सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि त्याचे तंतू गाळण्यांत अडकतात. आपल्या मांडवात नेमकं उलटं हवं. इथे निरांजन आहे, समई आहे, कापूर आहे. नायलॉनने पेट घेतला तर ते वितळून कातडीला चिकटतं. म्हणून आरतीच्या वेळी जवळ उभं राहणाऱ्याच्या अंगावर सुती आणि अंगाबरोबर बसणारे कपडे असावेत. दाढ्या-मिशा, कापूस आणि थर्माकोलचे मुकुट ताटापासून लांब. कापड तेच, पण जागा बदलली की नियम उलटतो. म्हणूनच म्हणतो, नियम पाठ करू नये, त्याचं कारण विचारावं.

चौथी गोष्ट, उकाडा. भाद्रपदातली इथली दमट हवा तुम्ही जाणता. जाड फोमचा गणपती किंवा वाघ होऊन तासभर उभं राहणं म्हणजे भट्टीजवळ काम करण्यासारखं. पंधरा-वीस मिनिटांनी वेश सैल करायचा, पाणी प्यायचं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आधी घरी विचारायचं. घरी म्हणजे कोणाला, ते मी सांगायला नको! ईस्ट कोस्ट रोडवरच्या व्हीजीपीमध्ये राजवाड्याच्या पहारेकऱ्याचा पोशाख केलेला 'पुतळा माणूस' अनेक वर्षं न हलता, न हसता उभा असे. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला हसवायचा प्रयत्न केला असेल. तो त्याचा व्यवसाय होता आणि त्यामागे सराव होता. आपण ती बरोबरी करू नये.

या चार गोष्टी झाल्या, की वय विचारायचं कारण उरत नाही. मोठ्यांच्या गटाला बक्षीसही नको. नातवंड आणि आजी-आजोबा अशी जोडी मंचावर येऊ दे. एकाने वेश करायचा आणि दुसऱ्याने ते सोंग कोण, कुठलं, काय म्हणतं ते दोन मिनिटांत सांगायचं. हवं तर तमिळमध्येही सांगू दे, शेजाऱ्यांनाही कळेल.

आपण सगळेच इथे गाव सोडून आलो. कारखान्याच्या गेटमध्ये शिरताना निळा डगला घालतो आणि दिवसभर कोणी फोरमन, कोणी फिटर, कोणी साहेब असतो. हा वेश रोजचा, पोटासाठीचा. वर्षातून एक संध्याकाळ मनासाठीचा वेश घालायला साठ वर्षांच्या माणसालाही हक्क असावा. सर्वसाधारण सभेत हात वर करताना एवढा विचार करावा, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!